कारखान्यातील संगणक आणि नदीचे पाणी

(करमाळा येथे कार्यकर्ते व हितचिंतक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण मला जो विषय दिला आहे तो प्रथम ऐकताना परका वाटतो. उत्पादन करणाऱ्या कारखान्यांचे संगणकीकरण, आजच्या बोलीत डिजिटलीकरण, झाले म्हणजे निसर्गाला कमी घाव घालणारे नवे तंत्र तेथे जन्माला येते काय, असा हा प्रश्न आहे. अर्थशास्त्राच्या नियतकालिकांतून गेली काही वर्षे त्यावर पुष्कळ लिहिले जात आहे. करमाळ्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. पण या तालुक्यात शेलगाव-भाळवणीला आदिनाथ आणि भिलारवाडीला मकाई हे सहकारी साखर कारखाने आहेत, विहाळ आणि पांडे येथे खासगी कारखाने उभे राहिले आहेत, आणि तालुक्याच्या एका अंगाला उजनीचा जलाशय पसरला आहे. कारखाना आणि पाणी या दोहोंच्या मध्ये ज्यांचे जीवन सापडले आहे त्यांना हा प्रश्न परका असण्याचे कारण नाही.

या विषयावरचे बरेचसे संशोधन चीनमधील, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांवर झालेले आहे. त्याची रीत साधारणपणे अशी. कंपनीच्या वार्षिक अहवालात संगणक, स्वयंचलन, आकडेवारीचे विश्लेषण अशा अर्थाचे शब्द किती वेळा आले ते मोजायचे. हे झाले डिजिटलीकरणाचे माप. त्या कंपनीने पर्यावरणाशी संबंधित किती पेटंटे मागितली ते मोजायचे. हे झाले हरित तंत्राचे माप. मग दोहोंचा संबंध संख्याशास्त्राने तपासायचा. निष्कर्ष बहुधा अनुकूल निघतो. माहिती लवकर हाती येते, बँकांचा विश्वास वाढून भांडवल सुलभ होते, शिकलेली माणसे कारखान्यात येतात, आणि त्यातून नवे तंत्र घडते, अशी कारणे दिली जातात. हे अभ्यास मी टाकाऊ मानीत नाही. हजारो कंपन्यांची वर्षानुवर्षांची माहिती एकत्र मांडणे हे कष्टाचे काम आहे. पण अहवालातील शब्द मोजून कारखान्याची परीक्षा होत असेल, तर आमच्याकडील कारखान्यांच्या अहवालांत 'सभासदांचे हित' हे शब्द किती वेळा आले ते मोजून सहकार किती फुलला हेही सिद्ध करता येईल! म्हणून अहवाल बाजूला ठेवून आपण प्रत्यक्ष कारखान्यात जाऊ.

उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणी असते. मोळी गव्हाणीत पडल्यापासून पोत्यात साखर भरेपर्यंत जे काही चालते ते मुख्यतः हे पाणी उडवून लावण्याचे काम आहे, आणि त्यासाठी वाफ लागते. वाफेसाठी बगॅस जाळावे लागते. जुन्या पद्धतीच्या कारखान्यात गाळलेल्या उसाच्या वजनाच्या जवळजवळ निम्मी वाफ खर्च होत असे. रसाचा प्रवाह कधी जास्त, कधी कमी. बाष्पीभवनाच्या भांड्यांतले तापमान खाली-वर. कोणत्या झडपेतून किती वाफ वाया गेली याचा हिशेब हंगाम संपल्यावर, तोही अंदाजाने. आता प्रत्येक नळीवर मापक बसला, त्याचे आकडे एका खोलीत पडद्यावर दिसू लागले, आणि रसाचा प्रवाह सारखा राखण्याचे काम यंत्रणेकडे गेले. त्याबरोबरच भांड्यांची रचना बदलली. चांगल्या कारखान्यांत वाफेचा वापर ४० टक्क्यांच्या आसपास आणि त्याखालीही आला.

याचा अर्थ काय, ते आपण पाटीवर मांडून पाहू. दिवसाला ५,००० टन ऊस गाळणारा कारखाना घ्या. वाफ ५० टक्क्यांवरून ४० वर आली तर दिवसाला ५०० टन वाफ वाचते. एक किलो बगॅसपासून सव्वादोन किलोंच्या आसपास वाफ होते, हे धरले तर दररोज २०० टनांहून अधिक बगॅस शिल्लक राहते. हे बगॅस उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये जाळून वीज करता येते आणि महावितरणला विकता येते. तितका दगडी कोळसा जळायचा वाचतो. पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारींचेही असेच. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. गरज पाहून वेग निम्मा करता आला तर शक्ती एक-अष्टमांश पुरते. पूर्वी पंखा पूर्ण वेगाने चालत असे आणि हवा झडपेने अडवली जाई. म्हणजे बैलाला चाबूक मारायचा आणि त्याच वेळी वेसण ओढायची. वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक साधन आले आणि हा वेडेपणा थांबला.

तेव्हा संगणकीकरणामुळे हरित तंत्राला चालना मिळते, हे म्हणणे खोटे नाही. न दिसणारे नुकसान दिसू लागले की ते थांबवण्याची बुद्धी माणसाला होते. मात्र येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. वाफेचे नुकसान हे कारखान्याचे स्वतःचे नुकसान आहे. ते वाचवले की पैसा कारखान्याच्याच खात्यात जमा होतो. विजेला भाव चांगला होता तेव्हा सहवीजनिर्मितीचे प्रकल्प भराभर उभे राहिले. पुढे वीजखरेदी स्पर्धात्मक निविदांवर गेली, दर खाली आला, आणि हा उत्साहही मंदावला. यंत्रे तीच होती, मापक तेच होते. भाव बदलला.

आता कारखान्याच्या खात्यावर न पडणाऱ्या नुकसानीकडे वळू. आसवनीत एक लिटर मद्यार्कामागे साधारण दहा ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघत आला आहे. गडद तांबडा, आम्लयुक्त, पाण्यातील प्राणवायू शोषून घेणारा हा द्राव ओढ्यात गेला तर मासे मरतात, विहिरीत उतरला तर विहीर जाते. तो ओढ्यात सोडल्याने आसवनीला काही खर्च येत नाही, उलट खर्च वाचतो. हा द्राव कितीही अचूक मोजला तरी केवळ मोजल्याने तो शुद्ध करण्याची प्रेरणा होणार नाही. ती कायद्याने निर्माण करावी लागली. आसवन्यांनी कारखान्याबाहेर थेंबही सोडू नये असा दंडक आला. तेव्हा स्पेंटवॉश आटवणे, तो बगॅस किंवा कोळशाबरोबर खास बॉयलरमध्ये जाळणे, त्याच्या राखेतील पालाश परत मिळवणे ही तंत्रे पुढे आली. साखर कारखान्यांच्या सांडपाण्याची मर्यादा २०१६ साली टनामागे ४०० लिटरवरून २०० लिटरवर आणली गेली. तेव्हा उसातूनच निघणारे पाणी थंड करून, शुद्ध करून पुन्हा वापरण्याकडे व्यवस्थापनांचे लक्ष गेले. उसात सत्तर टक्के पाणी असते हे व्यवस्थापनांना पूर्वी ठाऊक नव्हते, असे थोडेच आहे!

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी व धूर मोजणारी स्वयंचलित यंत्रे बसवण्यास सांगितले. साखर आणि आसवनी हे दोन्ही त्या १७ मध्ये आहेत. यंत्रांचे आकडे अखंडपणे मंडळाकडे जावेत अशी योजना आहे. माझ्या मते आपल्या विषयातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल हेच होय, कारण येथे मापक प्रथमच कारखान्याच्या लाभासाठी न बसता शेजाऱ्याच्या रक्षणासाठी बसला. पण हे आकडे कोणाकडे जातात? मंडळाकडे. ओढ्याकाठच्या गावाकडे ते मराठीत, समजेल अशा रूपात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलेले आपण कधी पाहिले आहेत काय? मापकाची नळी कोणी स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली तर मुंबई-दिल्लीच्या पडद्यावर सारे आलबेल दिसेल. ते खोटे आहे हे ओळखण्याची शक्ती फक्त त्या माणसाजवळ आहे, ज्याची म्हैस सकाळी ओढ्याचे पाणी नाकारते. त्याच्या हाती आकडा नाही आणि ज्याच्या हाती आकडा आहे त्याला म्हैस नाही.

उजनीचेच पाहा. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणासाठी करमाळा, इंदापूर, कर्जत, दौंड या तालुक्यांतील गावे उठली. ज्यांची काळी जमीन पाण्याखाली गेली त्यांची नातवंडे आज याच भागात राहतात. धरणात पाणी येते ते भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड यांचे. चाकण आणि रांजणगावच्या पट्ट्यात देशातील अत्यंत आधुनिक, संगणकचलित कारखाने याच खोऱ्यात आहेत. उन्हाळ्यात उजनीच्या पाण्यावर हिरवी साय येते. तिचा दोष एकट्या उद्योगांवर टाकणे अन्यायाचे होईल. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे मैलापाणी हे तिचे मोठे कारण आहे. मला इतकेच दाखवायचे आहे की खोऱ्याच्या वरच्या अंगाला संगणकाची एवढी दाटी होऊनही खालच्या अंगाचे पाणी त्यामुळे निवळले नाही. एकेका कारखान्याची कार्यक्षमता ही एक गोष्ट आणि नदीचे आरोग्य ही दुसरी. पहिलीच्या बेरजेतून दुसरी आपोआप निघत नाही.

या संदर्भात १८६५ साली इंग्लंडमध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने मांडलेला विचार अजून ताजा आहे. वाफेचे इंजिन सुधारले, कमी कोळशात अधिक काम होऊ लागले. तेव्हा कोळसा कमी खपेल असे लोकांना वाटले. जेव्हन्सने दाखवले की इंजिन स्वस्तात चालू लागल्यामुळेच ते सर्वत्र पसरले आणि कोळशाचा एकूण खप वाढला. साखरेच्या बाबतीत हे शब्दशः घडू शकते. कारखाना कार्यक्षम झाला, वीज विकू लागला, २०१८च्या जैवइंधन धोरणानंतर उसाच्या रसापासून आणि बी-हेवी मळीपासून इथेनॉल करू लागला; म्हणजे त्याला आणखी ऊस हवा. गाळपक्षमता वाढवायची तर उसाचे क्षेत्र वाढले पाहिजे. एक किलो साखरेमागे शेतात दोन हजार लिटरांहून अधिक पाणी लागते. २०२३चा पावसाळा हुकला, आणि २०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या घरात गेली, म्हणजे मृतसाठ्यालाही हात घालावा लागला. त्याच सुमारास, डिसेंबर २०२३ मध्ये, केंद्र सरकारने साखरेच्या तुटवड्याच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, आणि कर्ज काढून प्रकल्प उभारलेले कारखाने अडचणीत आले. पेट्रोलमध्ये मिसळल्यामुळे इथेनॉल हिरवे ठरते. ते कोणाच्या पाण्यावर हिरवे झाले, हे टाकीवर लिहिलेले नसते.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाच्या शेतीत उपग्रह, जमिनीतील ओल मोजणारी साधने आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा प्रयोग चालवला आहे. पाणी आणि खत मोजून दिले तर दोन्हींची बचत होते, यात शंका नाही. पण वाचलेले पाणी नदीत राहणार की शेजारच्या माळावर आणखी ऊस उभा करणार, याचे उत्तर ओल मोजणारे यंत्र देऊ शकत नाही. त्यासाठी पाणीवाटपाचा निर्णय लागतो, आणि तो राजकीय असतो.

आता नव्या तंत्राच्या मालकीविषयी. पेटंटे मोजणाऱ्या विद्वानांना एक गोष्ट दिसत नाही. आमच्या साखर कारखान्याने उत्तम बॉयलर बसवला तरी पेटंट त्याच्या नावावर लागत नाही. ते यंत्र पुरवणाऱ्याच्या नावावर असते. साखर कारखान्यांची यंत्रे बनवणारे वालचंदनगर आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात आहे आणि ते वसवणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे, याचा आपल्याला अभिमान वाटतो. आसवनीचे तंत्र देणारी प्राज कंपनी पुण्याची आहे. पूर्वी यंत्र आले तरी ते उघडून पाहता येत असे. कारखान्याच्या वर्कशॉपमधला फिटर त्यात दुरुस्ती करी, सुधारणाही करी. आज नियंत्रणाची यंत्रणा ही बंद पेटी आहे. तिची चावी पुरवठादाराजवळ, वार्षिक देखभालीचा करार त्याच्याशी, आणि हंगामभर साठलेले आकडेही पुष्कळदा त्याच्याच साठ्यात.

पॅनवर काम करणारा जुना पॅनमन काचेच्या पट्टीवर रवाळ पाकाचा थेंब घेऊन, उजेडात धरून, दाणा कसा बसतो आहे ते सांगत असे. हे ज्ञान तीस-तीस हंगामांत कमावलेले असते. आता पाकाची घनता यंत्र सांगते. ते वाईट नाही. पॅनमनला पडद्यापुढे बसवून त्याचे ज्ञान आणि यंत्राचा आकडा यांची सांगड घातली तर नवे तंत्र तेथेच निपजेल. त्याला घरी पाठवून ठेकेदाराचा अपुऱ्या पगारावरचा मुलगा बसवला, तर फक्त नवे यंत्र येईल. कामगार चळवळीने १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळातील संगणकाला विरोध केला, त्याची आज थट्टा होते. नोकऱ्या जातील ही भीती निराधार नव्हती. परंतु संगणक हवा की नको एवढ्यावरच त्या काळचा वाद फिरत राहिला आणि तो कोणाच्या हुकमतीत असावा या प्रश्नाला मिळायला हवा होता तेवढा वेळ मिळाला नाही, असे माझे मत आहे.

सहकारी कारखान्यांना या बाबतीत खासगी कारखान्यांहून मोठी संधी होती. प्रवरानगरला १९५० साली सुरू झालेल्या कारखान्याचे अध्यक्षपद धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाने सांभाळले, ते शोभेसाठी नव्हे. शेतकऱ्याने स्वतःच्या कारखान्याचा हिशेब स्वतः वाचावा, अशी त्यामागची धारणा होती. १९७५ साली मांजरीला उभी राहिलेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी संस्था ही कारखान्यांनी एकत्र येऊन केलेल्या संशोधनाचे उदाहरण आहे. सर्व सहकारी कारखान्यांच्या वाफेचे, पाण्याचे, विजेचे आकडे एका ठिकाणी, एकमेकांना खुले ठेवले गेले, तर कोण कोठे वाया घालवतो आणि कोणी कोणती युक्ती काढली हे सर्वांना कळेल. खासगी कंपन्या हे करणार नाहीत, कारण त्यांच्यात स्पर्धा आहे. सहकाराला ते अवघड नव्हते. पण ज्या कारखान्यांच्या संचालक मंडळांत निवडणुकीखेरीज दुसऱ्या कशाचा अभ्यास होत नाही तेथे हे व्हायचे कसे? आमचा आदिनाथ काही हंगाम बंद राहिला, तेव्हा उणीव संगणकाची नव्हती, हे या सभेतील प्रत्येकजण जाणतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने संगणकाचा पहिला अर्थ काटा हा आहे. काटामारीची तक्रार जुनी आहे. लोडसेलचे इलेक्ट्रॉनिक काटे आले, तरी आकडा पडद्यावर दिसतो म्हणून तो खरा, असे शेतकरी मानायला तयार नाही, आणि त्याचे बरोबर आहे. दुसरा अर्थ उतारा. २०२५-२६च्या हंगामासाठी रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे अधिक. म्हणजे प्रयोगशाळेतील दशांश चिन्हापुढच्या एका आकड्यावर हजारो कुटुंबांचे पैसे अवलंबून आहेत. तो आकडा कसा निघाला हे सभासदाला पाहता येत नाही. (कमलाभवानीच्या देवळात ९६ या आकड्याला मोठा मान आहे, पण तेथील विहिरीच्या ९६ पायऱ्या कोणीही उतरून मोजू शकतो.) ज्या आकड्यांवर माझा पैसा ठरतो ते मला दिसत नाहीत, तर ज्यांवर ओढ्याचे पाणी ठरते ते कोण दाखवणार? काट्याचा आणि नदीचा प्रश्न मुळात एकच आहे, आणि काट्यासाठी रस्त्यावर येणारा शेतकरी नदीसाठीही येईल, फक्त हा दुवा त्याला दाखवून देण्याचे काम कार्यकर्त्याचे आहे.

सोलापूरच्या चादरी-टॉवेलांच्या लहान कारखान्यांविषयी आज मी फार बोलत नाही. चार-आठ मागांच्या मालकाला मापकांचे जाळे परवडणारे नाही, आणि रंगाचे पाणी शुद्ध करण्याचा खर्च त्याने एकट्याने करावा ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. तेथे सामाईक प्रक्रिया केंद्र आणि सामाईक तंत्रज्ञ हाच मार्ग दिसतो. त्यासाठी सरकारचा पैसा लागेल.

शेवटी, करायचे काय? माहितीच्या अधिकाराचा २००५चा कायदा आपल्या हाती आहे. सहकारी संस्था या सरसकट सार्वजनिक प्राधिकरणे नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात २०१३ साली दिला. त्यामुळे कारखान्याकडे थेट अर्ज टाकून भागत नाही. पण निबंधकाला कायद्याने जी माहिती मिळवता येते ती त्याच्याकडून मागता येते, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ तर निःसंशय सार्वजनिक प्राधिकरण आहे. तेव्हा खासगी असो वा सहकारी, आपल्या परिसरातील प्रत्येक कारखान्याच्या सांडपाणी मापकाचे मागील हंगामाचे आकडे मंडळाकडे मागा. मापक किती दिवस बंद होता, हेही विचारा. बहुधा त्या उत्तरातच खरी माहिती असते. आकडे आले की ते ग्रामसभेत मराठीत वाचा आणि त्या दिवसांत ओढ्याचे पाणी कसे होते ते गावकऱ्यांकडून लिहून घ्या.

सहकारी कारखान्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते. अहवालाचे पुस्तक सभासदाच्या हाती आधी येते. आपल्यापैकी जे सभासद आहेत त्यांनी या वर्षी ते शेवटच्या पानापासून वाचायला घ्यावे, आणि टनामागे किती वाफ, किती वीज, बाहेरून घेतलेले किती पाणी, हे आकडे त्यात छापले आहेत का ते पाहावे. नसतील तर लेखी प्रश्न सभेपूर्वी द्यावा व पोच घ्यावी. नियंत्रण यंत्रणेचा पुरवठादाराशी झालेला करारही मागावा. हंगामाचे आकडे कोणाच्या मालकीचे, हे त्यातल्या एका कलमात असते.